ठेवलेली वस्तू, धरलेली जागा

मनुष्य ज्या भूमीचा एकटा धनी नसतो त्या भूमीवर तो कसा वागतो, यावरून त्याच्या स्वामित्वविषयक कल्पनांची जितकी अचूक परीक्षा होते तितकी त्याच्या स्वतःच्या शेतात कधीच होत नाही. कारण शेताला बांध असतो, सातबाऱ्यावर नाव असते, आणि तंटा उपस्थित झालाच तर तलाठ्याच्या चावडीपासून दिवाणी न्यायालयापर्यंत सर्व दारे ठोठावण्याची सोय असते. अमेरिकेत वास्तव्यास आल्यापासून, आणि विशेषतः मिशिगन राज्याच्या उत्तरेकडील अरण्यांतून पानगळीच्या दिवसांत भटकण्याची सवय जडल्यापासून, या परीक्षेचे एक वेगळेच रूप माझ्या नित्य पाहण्यात आहे: सार्वजनिक रानात शिकाऱ्यांनी ठेवून दिलेले सामान. झाडांना बांधलेली मचाणे, पाणथळीच्या कडेला उभारलेले आडोसे, खोडांना आवळलेले कॅमेरे, तळ्यावर तरंगत सोडलेली खोटी बदके. आणि यांपैकी कशाच्याही आसपास माणूस म्हणून नाही.

मी स्वतः शिकार करीत नाही. ज्या देशातून मी आलो तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला असल्यामुळे, मचाण म्हटले की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला बंदूक न आठवता बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात किंवा ताडोबात पाणवठ्यावर होणारी प्राणिगणना आठवते. तेथे मचाण वनखात्याचे, त्यावर कोणी बसावे हे ठरवणारी यादी वनखात्याची, आणि सकाळी खाली उतरल्यावर त्या मचाणाशी आपला संबंध संपला. येथील व्यवस्था निराळी आहे. संयुक्त संस्थानांच्या एकंदर भूमीपैकी सुमारे २८ टक्के, म्हणजे ६४ कोटी एकरांच्या आसपास जमीन संघराज्य सरकारच्या ताब्यात असून, राष्ट्रीय उद्यानांसारखे अपवाद वगळले तर तिच्या फार मोठ्या भागावर परवाना खिशात असलेल्या कोणाही नागरिकास हंगामात शिकार करण्याची मुभा आहे. मिशिगनमधील ह्यूरन-मॅनिस्टी हे एकच राष्ट्रीय अरण्य सुमारे १० लाख एकरांचे. १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम उघडला की शहरांतून माणसे अशा अरण्यांकडे लोटतात, आणि ज्याला त्याला आपली म्हणून एक जागा हवी असते.

ओकला टेकवलेले असेच एक मचाण मी एकदा बराच वेळ न्याहाळत उभा होतो. पंधरा-सोळा फूट उंचीची लोखंडी शिडी, तिच्या माथ्यावर एका माणसापुरती जाळीची बैठक, नेम धरताना बंदूक टेकवण्यासाठी पुढे आडवी दांडी, आणि हे सारे खोडाला जखडून ठेवणारा नायलॉनचा रुंद पट्टा. हा पट्टा मागल्या हंगामानंतर सोडवला गेला नसावा, कारण त्याच्या दोन्ही कडांना साल फुगून वर आली होती, आणि आणखी काही वर्षांत झाडाने तो पुरता गिळला असता. शिडीच्या तिसऱ्या पायरीला तारेने बांधलेला पत्र्याचा एक तुकडा होता. त्यावर खिळ्याने टोचून नाव आणि गाव लिहिलेले, शेवटची अक्षरे जागा न पुरल्याने एकमेकांवर चढलेली. माणूस दिसत नव्हता, पण त्याचा हक्क तेथे उभा आहे असा भास त्या पत्र्याने निर्माण केला होता खरा.

कायदा या भासाला कितपत मान देतो? मिशिगनचा नियम असा की सार्वजनिक जमिनीवरील मचाणावर धन्याची ओळख जमिनीवरून वाचता येईल अशा अक्षरांत असावी, झाडाची साल भेदणारा खिळा किंवा स्क्रू वापरू नये, मचाण सप्टेंबर उजाडण्याआधी चढवू नये आणि हिवाळा सरता सरता उतरवून न्यावे. पश्चिमेकडील राज्यांत ज्या खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, त्या भूव्यवस्थापन खात्याच्या नियमाप्रमाणे खाजगी वस्तू परवानगीवाचून १० दिवसांहून अधिक काळ रानात टाकून ठेवता येत नाही. अलास्कात मात्र अंतरे आणि हिमवर्षाव ध्यानी घेऊन ही मुदत १२ महिन्यांची ठरवली आहे. व्हर्जिनियासारख्या एखाद्या राज्यात पाण्यातील कायम आडोशाला रीतसर परवाना देऊन त्याच्या भोवतीच्या ५०० यार्डांत इतरांस बदकांच्या शिकारीचा मज्जाव करण्याची वहिवाट आहे, पण तो अपवाद. सामान्य न्याय असा की मचाण ज्याने बांधले त्याचेच राहते, परंतु झाड आणि झाडाखालची भूमी सर्वांची राहते, आणि पहाटे जो आधी पोहोचेल त्याला त्या दिवसापुरता तेथे बसण्याचा अधिकार मिळतो.

आमच्याकडे एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याचा दावा सारी गाडी मुकाट्याने मान्य करते, आणि कायद्याच्या पुस्तकात त्याला तिळमात्र आधार नसला तरी रुमाल उचलून खाली टाकण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही. यामागील कारण मला असे दिसते की रुमालाचा धनी पाठोपाठच दारातून चढणार आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्याची अनुपस्थिती क्षणाची आहे, आणि क्षणाची अनुपस्थिती सोसणे हे माणुसकीचे लक्षण आहे. मचाणाचा धनी दोनशे मैलांवर डेट्रॉइटात आपल्या कामावर असतो, तो या शनिवारी येईल की पुढल्या, की यंदा येणारच नाही, हे कोणास सांगता यावे? धनी परतण्याची घटका जसजशी दूर जाते तसतसा वस्तूने धरलेल्या जागेवरील त्याचा दावा विरळ होत जातो, पण वस्तूवरील दावा मात्र तसाच राहतो. या दोन दाव्यांची गल्लत हेच अशा बहुतेक तंट्यांचे मूळ होय.

माझे एक वृद्ध शेजारी मोटारींच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झाले असून, दर वर्षी न चुकता शिकारीस जातात. या बाबतीतील त्यांचे शास्त्र मी अनेकदा ऐकले आहे. दुसऱ्याचे मचाण रिकामे दिसले तरी त्यावर चढू नये. एक तर ते आपले नव्हे, आणि दुसरे म्हणजे त्याचा पट्टा किती कुजला आहे हे त्याच्या धन्यालाच ठाऊक. त्याच्या शेजारीही ठाण मांडू नये, नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्याबाहेर जावे. अंधारात आपल्या मचाणाशी आलो आणि जवळपास आधीच कोणी बसलेला आढळला, तर विजेरी खाली वळवावी आणि शब्द न काढता दुसरीकडे निघून जावे, कारण तो आधी आला. ते स्वतः पाठीवर वाहून नेता येईल असे हलके मचाण वापरतात आणि संध्याकाळी ते उतरवून घरी आणतात. त्यावर नाव कशाला लिहिता, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “चोराने वाचावे म्हणून लिहीत नाही. कधी विसरलोच, तर दोष कोणाला द्यायचा हे रेंजरला कळावे म्हणून लिहितो.”

या प्रश्नाची प्राचीनता लक्षात घेतली म्हणजे शेजाऱ्यांच्या शास्त्राचे मोल अधिक कळते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात क्षेत्र आणि बीज यांच्या स्वामित्वाची चर्चा चालू असता दृष्टान्त येतो तो असा की झाडझाडोरा तोडून ज्याने जमीन मोकळी केली शेत त्याचे, आणि ज्याचा बाण प्रथम रुतला मृग त्याचा. आठव्या अध्यायात धनी न सापडलेल्या मालाची तजवीज सांगितली आहे: राजाने तो तीन वर्षे सांभाळावा, त्या मुदतीत कोणी येऊन वस्तूची खूण पटवली तर त्याच्या हवाली करावा, त्यानंतर तो सरकारजमा. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त तर वराह पडल्यावर अर्जुन आपला बाण परत घ्यावयास जातो तोच किराताचा दूत येऊन तो बाण आमच्या स्वामींचा असे बजावतो, आणि शिकारीहून शिकारीच्या साधनावरून पेटलेला हा वाद द्वंद्वयुद्धापर्यंत जातो. पर्वत दोघांपैकी कोणाच्याही मालकीचा नव्हता, निदान अर्जुनाची त्या घटकेपर्यंत तशी समजूत होती!

अमेरिकन न्यायशास्त्रात या विषयाचा आरंभ एका कोल्ह्यापासून होतो. लाँग आयलंडवरील समुद्रकाठच्या पडीक जमिनीवर पोस्ट नावाचा गृहस्थ कुत्र्यांनिशी कोल्ह्याचा पाठलाग करीत असता पिअर्सन नावाच्या दुसऱ्याने तो त्याच्या देखत मारला आणि उचलून नेला. १८०५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बहुमताने निवाडा दिला की नुसत्या पाठलागाने स्वामित्व उत्पन्न होत नाही. प्राणी प्रत्यक्ष कबजात यावा किंवा त्याची सुटका अशक्य व्हावी. न्यायमूर्ती लिव्हिंग्स्टन यांनी भिन्न मत नोंदवताना म्हटले की जस्टिनियनादी पंडितांचे ग्रंथ चाळीत बसण्यापेक्षा हे प्रकरण शिकाऱ्यांच्याच पंचांपुढे ठेवायला हवे होते. पुढे १८८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका खटल्यात जणू त्यांच्याच म्हणण्याची कदर झाली. प्रॉव्हिन्सटाउनचे कोळी आपापली खूण असलेल्या स्फोटक भाल्याने देवमासा मारीत. तो बुडे, दिवसांनी फुगून वर येई आणि कोठेतरी किनाऱ्याला लागे. ज्याला सापडेल त्याने गावी वर्दी द्यावी आणि आपला मोबदला घ्यावा, अशी जुनी चाल होती. सतरा मैलांवरील ब्रूस्टरच्या किनाऱ्यावर एकाने अशी वर्दी न देता मासा परस्पर लिलावात विकला, आणि न्यायालयाने चालीस मान देऊन मारणाऱ्याच्या बाजूने निकाल केला.

हे दोन निवाडे परस्परविरुद्ध वाटतात, पण रानातील मचाणापुढे उभे राहून विचार केला तर दोहोंची संगती लागते. जागेला कोल्ह्याचा न्याय लागू पडतो: तुम्ही तयारी कितीही केलेली असो, पट्टा आवळला असो, उन्हाळाभर हरणांच्या वाटा पाहून ठेवल्या असोत, तुमचा देह तेथे आल्यावाचून ती जागा तुमची नव्हे. वस्तूला देवमाशाचा न्याय लागू पडतो: धनी कितीही दूर असो, खूण त्याची आहे तोवर ती वस्तू त्याचीच. अनुपस्थिती म्हणजे त्याग नव्हे, आणि वस्तू म्हणजे उपस्थिती नव्हे.

ही दोन सूत्रे तोंडपाठ असूनही माणसे चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. एक शिकारी एका दरीत पाच-सहा मचाणे बांधतो, बसतो एकावर, आणि उरलेल्यांच्या भोवती फिरकणाऱ्यास डोळे वटारून हुसकावतो. सार्वजनिक रानाची अशी मिरासदारी त्याला कोणत्या सनदेने मिळाली? दुसरा पट्टे कापतो, कॅमेरा काढून खिशात घालतो आणि रानात पडले ते बेवारशी, अशी मनाची समजूत घालतो. कॅमेऱ्यांची गर्दी एवढी वाढली की २०२२ च्या आरंभापासून ॲरिझोना राज्याने शिकारीच्या कामी त्यांचा वापर सरसकट बंद केला. आणि गोष्ट मुद्द्यावरून गुद्द्यांवर येते तेव्हा काय घडते, हे २००४ च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमध्ये दिसले: खाजगी जमिनीवरील दुसऱ्याच्या मचाणावर बसलेल्या शिकाऱ्यास तेथून जाण्यास सांगण्यावरून तंटा झाला आणि सहा माणसे त्या शिकाऱ्याच्या गोळ्यांना बळी पडली. ज्या व्यवहारात प्रत्येक पक्षाच्या हाती भरलेली बंदूक असते तेथे शिष्टाचार ही शोभेची बाब राहत नाही.

परंतु शिष्टाचाराचा खरा कस भांडणात लागत नाही, तो एकांतात लागतो. वनखात्यात नोकरी करून पुढे वन्यजीवशास्त्राचा पाया घालणारे आल्डो लिओपोल्ड यांनी शिकाऱ्याच्या नीतीचे वैशिष्ट्य हेच सांगितले आहे की त्याच्या कृत्यास टाळ्या देणारे किंवा धिक्कारणारे प्रेक्षक नसतात. हे विधान मारणाऱ्याला जसे लागू आहे तसेच वस्तू ठेवणाऱ्याला आणि ती ज्याला सापडते त्यालाही लागू आहे.

आपल्याकडील गायरानांची कथा आठवली म्हणजे या क्षुल्लक वाटणाऱ्या मचाणांकडे मी अधिक गांभीर्याने पाहतो. गायरानावर अतिक्रमण एका रात्रीत होत नाही. आधी कोणाच्या तरी कडब्याची गंजी तेथे पडते, मग गंजीला काट्यांचे कुंपण होते, कुंपणात गोठा उभा राहतो, आणि काही वर्षांनी घरपट्टीची पावती पुढे करून वहिवाटीचा हक्क सांगितला जातो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले, तरी गायराने मोकळी करणे किती दुर्घट असते ते आपण जाणतोच. गंजी पहिल्या पावसाआधी उचलली गेली असती तर पुढील काहीच घडले नसते.

म्हणून मला वाटते की सार्वजनिक भूमी ही कोणाचीच नाही असे मानणारा आणि ती आपल्या एकट्याची आहे असे मानणारा, हे दोघेही तिचे सारखेच अपहरण करतात. पहिला दुसऱ्याची वस्तू नेऊन, दुसरा आपली वस्तू न नेऊन. पहिल्याला आवरायला निदान चोरीचा कायदा आहे. दुसऱ्याच्या बाबतीत मुदती आणि पाट्या कितीही नेमून दिल्या, तरी दहा लाख एकरांतील प्रत्येक झाड पाहत हिंडण्याइतके वनरक्षक कोणत्याही सरकारजवळ नसतात. तेथे सारी मदार त्या माणसावर असते, जो हंगाम संपल्यावर, पुन्हा कोणी विचारणार नाही हे पक्के ठाऊक असताना, बर्फ तुडवीत परत जातो आणि आपला पट्टा सोडवतो. सरकारी सारा न भरता वापरायला मिळालेल्या त्या जमिनीचा तोच सारा आहे, आणि तो वेळेवर चुकता करणाऱ्यालाच पुढल्या वर्षी तीवर पाय ठेवताना ती आपली म्हणण्याचा अधिकार पोहोचतो.