उरलेल्या डाळिंबाचा धंदा

सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाच्या रसाचा कारखाना म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं म्हणतात, तुमचं काय, माल दारातच! सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा हे डाळिंबाचे तालुके. सोलापूरजवळ केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. 2016 साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी अन्नतंत्रज्ञ. रसाचं यंत्र सांभाळणं माझं काम, पण डोकं निम्मं वेळ फळ कुठून आणायचं यातच अडकलेलं असतं. दारात माल आहे, पण तो आमच्यासाठी पिकवलेला नाही.

सौद्यात उभं राहिलं की हे लगेच कळतं. मोठं, लालभडक, बिनडागी फळ आधी उचललं जातं. ते निर्यातीला किंवा दिल्ली-कोलकात्याला जातं. मागे उरतो तो गोटी म्हणजे लहान फळांचा माल, डागी माल आणि तडकलेली फळं. सालीवर डाग असला तरी आतले दाणे बहुधा उत्तम असतात, त्याच हिशेबावर आमचा धंदा उभा आहे. पण बाजार तेजीत आला की गोटीलाही हातगाडीवर गिऱ्हाईक मिळतं आणि आमचं यंत्र बसून राहतं. मंदी आली की एकाच आठवड्यात सगळे कॅरेट घेऊन फाटकाशी. तेव्हा टाक्या अपुऱ्या, शीतगृह भरलेलं. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ना भाव ठरवता येतो, ना वेळ.

बरं, उरलेलं फळ घेण्याची किंमत कारखान्याच्या आतही मोजावी लागते. अख्खं फळ दाबलं तर सालीतलं टॅनिन उतरून रस तुरट होतो. म्हणून साल सोडवून दाणे वेगळे करायचे आणि तेच दाबायचे. साल, पडदे आणि बिया वजा जाता फळाच्या वजनाच्या साधारण निम्म्यापर्यंतच रस हाती येतो. तडकलेलं फळ त्याच दिवशी निवडावं लागतं, उद्यावर टाकलं तर फटीत बुरशी. त्याहून वाईट आतून कुजलेलं फळ: बाहेरून धडधाकट, फोडलं की दाणे काळे. आमच्या निवडणाऱ्या बायका हातात घेऊन वजनावरून बरीचशी अशी फळं बाजूला काढतात. त्यांच्या तोडीचं यंत्र मी तरी पाहिलेलं नाही. असं एक फळ चुकून गेलं तरी सबंध घाण्याची चव बिघडते. रंग तर आणखी नाजूक. रस नव्वदेक अंशांना काही सेकंद तापवून लगेच थंड केला तरी साठवणीत लाली तपकिरीकडे झुकतेच. डाळिंबाचा रस लालच हवा, असा गिऱ्हाइकाचा हट्ट असतो.

पुरवठ्याची खरी धास्ती मात्र बागेत आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग, पावसाळी दमट हवेत फोफावतो. फळावर काळे तेलकट डाग पडतात आणि फळ तडकतं. त्याला चुकवायला अनेकांनी बहार, म्हणजे झाडाला फुलोरा आणण्याचा हंगामच, बदलला. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृगाऐवजी पावसाळ्याअखेरचा हस्त धरला की फळ वाढतं कोरड्या हवेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच, पण त्याबरोबर आमचं वर्षाचं वेळापत्रक उलटंपालटं होतं. आणि हस्त बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, म्हणजे विहिरीत पाणी टिकलं तर फळ. तेल्यातून वाचलेल्या झाडांना मर आणि खोडकिडा आहेतच. 2021-22 च्या सुमारास सांगोल्यात बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. एका हंगामातलं फळ गेलं तर पुढच्या हंगामाची वाट पाहता येते, झाड गेलं की नव्या लागवडीला बहार धरेपर्यंत दोन-अडीच वर्षं थांबायचं.

यात वाणाचाही वाटा आहे. बहुतेक बागा एकाच वाणाच्या, भगव्याच्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा हा वाण खायला अप्रतिम, टिकायलाही चांगला. जुना गणेश त्याच्यापुढे फिका पडला. पण लागवड गुटी कलमांनी होते, म्हणजे झाडं एकाच रक्ताची. रोगट बागेतून गुटी आणली की रोगही घरी येतो. फ्लोरिडाच्या संत्र्याचं काय झालं पाहा. 2003-04 मध्ये तिथं 24 कोटी पेट्यांहून अधिक संत्री निघाली. 2005 मध्ये ग्रीनिंग रोग सापडला, आणि वीस वर्षांत उत्पादन दोन कोटी पेट्यांच्याही खाली आलं. तिथला रस-उद्योग मोठा, संशोधन मोठं, पैसाही भरपूर, तरीही.

आंब्याच्या पेयांची गोष्ट वेगळी आहे. ती तोतापुरीवर चालतात, चित्तूर-कृष्णगिरीच्या पट्ट्यात खास गरासाठी पिकणाऱ्या आंब्यावर. तिथंही 2025 मध्ये भाव कोसळले आणि आंध्र सरकारला किलोमागे चार रुपये पदरचे घालावे लागले. म्हणजे स्वतःचा वाण असला की संकट टळतं असं नाही. पण निदान ते संकट कारखानदार आणि शेतकरी दोघांचं मिळून असतं. डाळिंबात आमचं नुकसान शेतकऱ्याला कळत नाही आणि त्याचं आम्हाला. केगावच्या केंद्राने 2017 साली सोलापूर लाल हा भगव्यापेक्षा लवकर तयार होणारा वाण दिला. रसाच्या बाजूने त्याचा विचार व्हायला हवा, पण दराची हमी नसताना तो लावायचा कुणी?

आपल्याच जिल्ह्यात याचं उत्तर रोज डोळ्यांसमोर असतं, याचं मला नवल वाटतं. सोलापूरइतके साखर कारखाने क्वचितच कुठल्या जिल्ह्यात असतील, आणि ते उसाची नोंद आधी करतात. कोणाचा किती ऊस, कधी लागलेला, हे चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या, वहीत असतं. थकलेल्या बिलांची भांडणं असतात, मान्य. पण गाळप सुरू होताना ऊस कुठून येणार हे कारखान्याला माहीत असतं. डाळिंबाच्या रसाला अशी नोंद नाही. काही एकर फक्त रसासाठी, डागाची पर्वा न करता, हंगामाआधी ठरलेल्या दराने घ्यायचे. तेजीत शेतकऱ्याचं मन फिरेल आणि मंदीत कारखान्याचं. म्हणून करार दोघांनाही बांधणारा हवा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे मनावर घ्यावं. रसाची खोकी विकणाऱ्यांनी तर आधी घ्यावं.

वाचकांनाही एक सांगतो. लाल डाळिंबाचं चित्र असलेलं खोकं घेताना मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सफरचंद किंवा द्राक्ष आधी आणि डाळिंब नंतर असेल, तर तुम्ही पैसे चित्राचे देता आहात. पाणी मिसळून पूर्ववत केलेल्या रसावर ‘शंभर टक्के’ असं छापू नका, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आदेश 2024 चाच आहे. डाळिंब खरोखर भरलेल्या खोक्याला दोन पैसे जास्त पडतील. ते द्या, म्हणजे सांगोल्यातल्या डागी फळालाही दर मिळेल.