१४ एप्रिलच्या पहाटे जाणारा दगड

२०२९ सालची भीमजयंती शनिवारी येते. त्या पहाटे, भारतीय वेळेनुसार सव्वातीनच्या सुमारास, अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाणार आहे. आपल्या घरावरची डिशची छत्री ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली असते, तो सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे हा दगड त्या उपग्रहांच्याही आतून जाईल. दगडाची रुंदी सुमारे ३४० मीटर. एवढी मोठी वस्तू इतक्या जवळून जाणार हे माणसाला आधीच ठाऊक आहे, असे पहिल्यांदाच घडते आहे.

तो धडकणार नाही. मार्च २०२१ मध्ये रडारने त्याचे वेध घेतले गेले आणि पुढची किमान १०० वर्षे तरी त्याच्यापासून धोका नाही, हे नासाने जाहीर केले. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण लोक लेख अर्धा वाचतात आणि फॉरवर्ड पूर्ण करतात.

मग आत्तापासून लिहायचे कारण काय? कारण त्या आठवड्यात आपल्या मोबाईलवर काय काय येणार आहे ते आम्हाला आजच दिसते आहे. एकीकडे ज्योतिषी बसतील. १३ एप्रिल, त्यात शुक्रवार, त्यात अमावस्येची रात्र, आणि दगडाचे नाव इजिप्तच्या पुराणातल्या सर्पाचे! याहून चांगला माल त्यांना कुठे मिळणार? राशीनुसार शांती, राशीनुसार दर. हे अपेक्षितच आहे. आम्हाला काळजी आहे ती दुसऱ्या मेसेजची, जो आपल्याच ग्रुपवर येईल, निळ्या पार्श्वभूमीवर, जयभीम लिहून: 'विश्वरत्नाच्या जयंतीला आकाशाची मानवंदना'. लाखो लोक तो पुढे पाठवतील. त्याला हरकत घेणाऱ्याला चळवळीचा शत्रू ठरवले जाईल.

आमची हरकत आजच नोंदवून ठेवतो. दगड पृथ्वीच्या सर्वांत जवळ येईल त्या क्षणी लंडनमध्ये १३ एप्रिलच्या रात्रीचे पावणेअकरा वाजलेले असतील, न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळ असेल. म्हणजे ज्या दोन शहरांत बाबासाहेब शिकले, तिथे तारीख १३ आणि आपल्याकडे १४. तारीख माणसाच्या घड्याळाची असते. दगड सूर्याभोवती फिरतो आहे, त्याला जयंतीही माहीत नाही आणि अमावस्याही. त्याने मानवंदना दिली असे म्हणणारा आणि त्याने अपशकुन केला असे म्हणणारा, दोघे एकाच दुकानातले गिऱ्हाईक आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याची रंगीत तालीम झाली होती. २०२४ वायआर४ नावाचा एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत वाढत ३.१ टक्क्यांवर गेली. आदळलाच तर कुठे, याचा जो पट्टा काढला होता तो दक्षिण अमेरिकेपासून आफ्रिका ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता, आणि त्यात मुंबईचे नाव होते. आमच्या वस्तीच्या ग्रुपवर चार दिवस दुसरा विषय नव्हता. एकाने विचारले, मुंबईतली खोली विकून टाकावी का! आठवड्याभरात ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली, पण ती बातमी कुणी टाकली नाही.

शक्यता आधी वाढते आणि मग एकदम नाहीशी होते, याचे लोकांना संशयास्पद वाटते. 'काहीतरी लपवतात' असे म्हणतात. यात लपवण्यासारखे काही नाही. सुरुवातीला दगडाचे वेध थोडे असतात, म्हणून तो त्या दिवशी कुठे असेल याचा पट्टा लाखो किलोमीटर लांब निघतो आणि पृथ्वी त्या पट्ट्यातला एक छोटा ठिपका असते. वेध वाढले की पट्टा आखूड होतो, पृथ्वी तेवढीच राहते, म्हणून पृथ्वीचा वाटा वाढल्यासारखा दिसतो. आणखी आखूड झाला की पृथ्वी पट्ट्याच्या बाहेर पडते. संपले.

अपोफिसचेही तेच झाले. १९ जून २००४ ला ॲरिझोनातल्या किट पीक इथून तो पहिल्यांदा दिसला. डिसेंबर अखेरीस २०२९ च्या धडकेची शक्यता २.७ टक्के, म्हणजे ३७ त एक, इथवर पोहोचली. धोक्याच्या टोरिनो मापावर तो ४ वर गेला. त्यावर आजवर कुठलाही लघुग्रह तेवढा वर गेलेला नाही. मग कुणीतरी जुन्या फोटोंच्या साठ्यात शोध घेतला. मार्च २००४ च्या फोटोंत हा ठिपका आधीच आलेला होता, फक्त कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्या नोंदी जोडल्या आणि २०२९ ची धडक रद्द झाली. जुनी नोंद जपून ठेवणे ही काय चीज आहे, हे जातीच्या दाखल्यासाठी १९५० आधीचा कागद शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ते डिसेंबरचे दिवस आणखी एका कारणाने विसरता येत नाहीत. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. शक्यता सर्वांत वर गेली ती २७ ला, त्यामुळे जगाचे तिकडे फारसे लक्षच गेले नाही. लाट सगळ्यांवर सारखी आली. पण तामिळनाडूत नागपट्टिणमच्या छावण्यांत दलित कुटुंबांना वेगळे काढले गेले, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, आणि कुजलेली प्रेते उचलायला मात्र दुसऱ्या गावांतून सफाई कामगार आणले गेले. हे तेव्हाच्या मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत नोंदलेले आहे. 'आकाशातून संकट आले तर जात-धर्म विसरून माणूस एक होईल' असे सिनेमात दाखवतात. आम्हाला नागपट्टिणम आठवते.

आकाशाचा आणि आपला संबंध जुना आहे, आणि तो पंचांगवाल्यांनी ठरवून दिलेला होता. ग्रहण लागले की महार-मांगांच्या बायाबापड्यांनी 'दे दान, सुटे गिराण' असे ओरडत गावातून फिरायचे. घरात बसलेल्यांनी वरून जुने कपडे, धान्य टाकायचे. सूर्याला गिळणारे राहू-केतू यांच्या गोत्यातले, म्हणून यांना दिले की सूर्य सुटतो, असा हिशोब. आमच्या आजीने लहानपणी हे केले होते. ती सांगायची ते ग्रहणाबद्दल नसायचे. टोपलीत पडणारी जुनी लुगडी सोवळ्यातली बाई किती उंचावरून टाकायची, हे ती हात वर करून दाखवायची. १९५६ नंतर तिने टोपली टाकली. पण ग्रहणात गर्भार सुनेला विळी धरू द्यायची नाही, हे मात्र तिने शेवटपर्यंत सोडले नाही. आणि आज आमच्या वस्तीत किती घरांत बुद्धवंदना झाल्यावर लग्नाची पत्रिका जुळवली जाते, हे मोजायला गेलो तर आपल्यालाच लाज वाटेल.

बुद्धाचे यावर काय म्हणणे होते ते शोधायला फार खोल जावे लागत नाही. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, भिक्खूने कोणत्या विद्यांवर पोट भरू नये याची लांबलचक यादी आहे. त्यात चंद्रग्रहण, सूर्यग्रहण, नक्षत्रांची भाकिते आहेत आणि 'उक्कापात' म्हणजे उल्कापातही नावानिशी आहे. नक्खत्त जातकाची गोष्ट तर सरळ लग्नाचीच. शहरातल्या कुटुंबाने खेड्यातली मुलगी पक्की केली. ऐनवेळी त्यांच्या आजीविकाला विचारले. आधी आपल्याला विचारले नाही म्हणून तो चिडलेला; नक्षत्र वाईट आहे म्हणाला. वऱ्हाड गेले नाही. खेड्यातल्यांनी वाट पाहिली आणि मुलगी त्याच मांडवात दुसऱ्याला दिली. अडीच हजार वर्षे झाली, आजीविकाचा राग अजून उतरलेला नाही.

आणि राज्यसंस्था कुणाच्या बाजूने आहे? घटनेच्या कलम ५१(क) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. त्याच देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिष शिकवायचे ठरवले, आणि त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये फेटाळली. पुढच्याच महिन्यात किट पीकला हा दगड सापडला. इकडे महाराष्ट्रात जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना बरोबर घेऊन ज्योतिषाची साधी परीक्षा घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून २७ ज्योतिषांना दिल्या, कोणती कुणाची ते सांगा म्हणाले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर ५० आली असती.

लोणारला आम्ही अभ्यासिकेतली पोरे घेऊन गेलो होतो. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे, बेसाल्टमध्ये पडलेले. वाटाड्याने लवणासुर आणि दैत्यसूदनाची कथा सांगितली. आमच्यातला एकजण लगेच म्हणाला, लवणासुर म्हणजे आपलाच पूर्वज, त्याला कपटाने मारले. जोतीरावांच्या वाचनातून आलेला हा युक्तिवाद, आम्ही तो भाषणांत वापरतोही. पण त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून त्याची गरज नव्हती. लोक हा खड्डा ज्वालामुखीचा समजत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तळातून बोअर घेऊन वर काढलेल्या खडकांत धडकेच्या खुणा सापडल्या आणि तो प्रश्न मिटला. वय किती यावर अजून वाद आहे. एका तपासणीत सुमारे ५२ हजार वर्षे आली, दुसरीत ५ लाख ७० हजार. असुराला मारल्याची तिथी मात्र पुजाऱ्याकडे पक्की असते.

आता करायचे काय? परतताना एका मुलीने गाडीत विचारले, "दादा, याने नोकरी लागते का?" एमपीएससीची तयारी करणारी पोर, प्रश्न रास्त आहे. नाही लागत. पण रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, हे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले आहे. त्याचा फोटो आपण दर जानेवारीत बॅनरवर लावतो. सेगनचे एखादे पुस्तक आपल्या किती वाचनालयांत आहे? आमच्यात नव्हते. आता दोन आहेत.

दुसरे, बघणे हे स्वतः करता येते. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन नावाचा एक उपक्रम विद्यार्थ्यांच्या गटांना खऱ्या दुर्बिणीचे फोटो फुकट पाठवतो. एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने घेतलेले फोटो एकामागून एक फिरवायचे. तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो. ठिपका सापडला की नोंद पाठवायची. भारतातल्या शाळा-कॉलेजांचे गट यात भाग घेतात. लागतो तो एक लॅपटॉप, इंटरनेट, आणि तासन्‌तास कंटाळा न करता बसण्याची सवय. ही सवय आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांना आहेच.

आणि २०२९ ची ती रात्र. सर्वांत जवळ असताना अपोफिस अटलांटिक महासागरावर असेल. सप्तर्षींतल्या सगळ्यात मंद ताऱ्याइतका तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल, आणि ते दृश्य युरोप-आफ्रिकेच्या वाट्याला जास्त येईल. पण त्याआधीच्या तासांत तो हिंदी महासागर ओलांडत पश्चिमेला निघालेला असेल, आणि आपल्याकडे तेव्हा १३ तारखेची रात्र असेल. थोडा मंद असेल, म्हणून काळोख हवा आणि शक्यतो साधी दुर्बीण हवी. चंद्राचा अडथळा नाही. अडथळा आपलाच आहे. रात्री बाराला जयंती सुरू होते. हॅलोजन, लेझर, फटाके, आणि छाती हलवणारा डीजे. वर्षातली हीच एक रात्र अशी की सगळी वस्ती, म्हाताऱ्या बायांपासून पोरांपर्यंत, जागी आणि रस्त्यावर असते. आणि त्याच रात्री वरचे काही दिसू नये एवढा उजेड आपण स्वतःच्या वर्गणीतून करतो.

आम्ही जयंती समितीच्या बैठकीत मांडले की त्या रात्री अर्धा तास दिवे आणि आवाज बंद ठेवू. एक कार्यकर्ता म्हणाला, "दादा, २०२९ ला बघू, आत्ता डीजेचा ॲडव्हान्स द्यायचाय." दुसरा म्हणाला, दिवे बंद करायला ही काय शोकसभा आहे? महिला मंडळाच्या काकू म्हणाल्या, "गर्दीत अंधार केला तर लेकरं चेंगरतील, पोरींना त्रास होईल, त्याचं काय?" काकूंचा मुद्दा बिनतोड होता. तेव्हा ज्यांना बघायचे आहे त्यांनी वस्तीमागच्या ओढ्याकडच्या मैदानात जायचे असे ठरले. तिथे पक्का काळोख असतो, कारण नगरपालिकेने आमच्या बाजूला खांबच लावलेले नाहीत. आम्ही चार वर्षे अर्ज करतो आहोत. अर्जाचा पाठपुरावा १४ एप्रिल २०२९ नंतर करावा, अशी एक सूचना आली. ती बहुमताने फेटाळली.