टिकलीचं बाळपण

भाद्रपद सरला की दोनेक महिन्यांनी, कार्तिकाच्या अखेरीस, आमच्या साताऱ्यात गल्लोगल्ली कुत्र्यांची पिलं दिसू लागतात. कुत्री साधारण 63 दिवसांनी विते, तेव्हा हा हिशेब सहसा चुकत नाही. टिकली अशाच एका वेतातली. पिठाच्या गिरणीमागं, लाकडांच्या ढिगाआड तिचा जन्म झाला. नर पिलांवर लोकांनी आधीच हक्क सांगून ठेवला होता. काळ्याभोर अंगाच्या आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या या मादीला मात्र कुणी विचारत नव्हतं. “पोरांनो, मादी कोण नेतंय?” असं गिरणीवाले काका म्हणाले, तेव्हाच आमचं ठरलं.

ठरलं तरी लगेच उचलून आणली नाही. पिल्लू आठ आठवडे तरी आईपाशी राहायला हवं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दूध सुटण्यापुरताच हा प्रश्न नसतो. भावंडांशी झोंबताना एखाद्यानं जोरात चावलं, की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून देतं. दात किती लावायचे, हे पिल्लू तिथं शिकतं. तो धडा माणसाला तितकासा देता येत नाही.

ते आठवडे आम्ही घराच्या तयारीत घालवले. जमिनीलगतच्या विजेच्या वायरी वर बांधल्या, चपला कपाटात गेल्या, जिन्याच्या तोंडाशी फळी लावली. कण्हेरीची कुंडी गच्चीवर नेली, कारण कण्हेरीचं पान न् पान विषारी. माजघराच्या कोपऱ्यात जुनी सतरंजी आणि पाण्याचं मातीचं परळ ठेवलं. आईची अट एकच होती, “कुत्रं आणा, पण स्वयंपाकघरात आणि देवघरात त्याचं पाऊल पडता कामा नये.”

संक्रांतीच्या सुमारास टिकली घरी आली. त्याआधी एका रात्री वडिलांनी सगळ्यांना बसवून शब्द ठरवले: ये, बस, थांब, सोड, नको. आईनं ‘हड’ म्हणायचं, भावानं ‘नो’ म्हणायचं आणि मी तिसरंच काही, असं चालणार नव्हतं. प्रत्येक शब्दाबरोबर हाताची खूणही ठरली. तळहात वर उचलला की बस, पंजा समोर धरला की थांब, मांडीवर थाप मारली की ये. कुत्र्याची नजर आपल्या अंगाच्या हालचालीवर असते, शब्द त्याला मागाहून कळतो. म्हणून आधी खूण आणि लगोलग शब्द, असा वडिलांचा क्रम होता. शिकवणी अगदी थोडा वेळ चाले, पण रोज आणि तिच्या जेवणाआधी. जमलं की उकडलेल्या अंड्याचा कण मिळे. तो त्याच क्षणी द्यायचा. उशीर झाला तर कशाचं बक्षीस मिळालं, हे पिलाला उमगत नाही.

शी-सूची सवयही अशीच लागली. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तिला उचलून परसातल्या शेवग्याखाली न्यायचं. तिथं काम उरकलं की तोंडभर कौतुक. घरात काही झालं तर तिला रागवायचं नाही, नाक घासायचं तर नाहीच. फरशी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून घ्यायची, कारण वास राहिला की पिल्लू पुन्हा तिथंच बसतं. होळीपर्यंत टिकली स्वतःच दाराशी जाऊन उभी राहू लागली.

चौथ्या महिन्यात तिचे 28 दुधाचे दात पडायला लागले आणि त्यांच्या जागी 42 पक्के दात येऊ लागले. हिरड्या शिवशिवायच्या, म्हणून गाठ मारलेलं ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून तिला देत असू. दात हाताला लागले की खेळ तिथंच थांबायचा. मारलं कुणी कधीच नाही.

खाण्याची शिस्त घरातल्या माणसांनाच जास्त पाळावी लागली. आपल्या आमटी-भाजीत कांदा-लसूण असतो आणि त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक, चॉकलेटही वर्ज्य. तिला भाकरी, बिनकांद्याचं वरण, अंडं आणि उकडलेलं चिकन मिळे.

सगळ्यात मोठी धास्ती पार्व्होची होती. 1978 साली जगभर पसरलेला हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि उलट्या-जुलाबांनी पिलू चार दिवसांत हातचं जातं. म्हणून लशींचे सगळे डोस होईस्तोवर तिचे पाय रस्त्याला लागू दिले नाहीत. पण घरात कोंडूनही ठेवलं नाही, कारण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे ओळखीचं होतं, त्याची भीती पुढं वाटत नाही. कडेवर घेऊन तिला बसस्टँडचा कलकलाट ऐकवला, देवळातली घंटा ऐकवली, काठी टेकत चालणारे आजोबा दाखवले. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस दिली आणि पुढं ती दरवर्षी चुकली नाही. त्याच दिवसांत रोज रात्री वडील तिचे पंजे हातात घेत, कान उघडून बघत, जबडा अलगद उघडत आणि मग तोंडात खाऊ ठेवत.

टिकली तेरा-चौदा वर्षं जगली. वेळेवर नसबंदी केली, त्यामुळे तिची पिलं रस्त्यावर आली नाहीत. तिनं कुणाला चावा घेतला नाही. आई पोळ्या लाटायला बसली, की ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पुढचे पाय जुळवून बसे आणि आई तिथं तिच्याशी दिवसभराचं बोलत असे. आत यायचा आग्रह पुढं आईच करी, पण टिकलीनं उंबरा ओलांडला नाही.

शेवटच्या वर्षांत तिचे कान गेले. हाका बंद झाल्या, तरी खुणा राहिल्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी मांडीवरची थाप दिसली की ती शेपटी हलवत येई, पंजा समोर धरला की फाटकाशी थांबे. गुडघे धरले तेव्हा औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यासाठी तिनं तोंड स्वतः उघडलं, दवाखान्यात कधी मुसकं बांधावं लागलं नाही. पिलूपणी वडिलांनी रोज रात्री जे केलं, त्यानं तिचं म्हातारपण सोसवण्याजोगं केलं. पहिल्या दोन-तीन महिन्यांतली माया आणि शिस्त कुत्र्याला जन्मभर पुरते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यंदाही कार्तिकात तुमच्या गल्लीत पिलं दिसतील. घरात जागा आणि वेळ असेल तर त्यातलं एक जरूर घ्या. त्याला आठ आठवडे आईपाशी राहू द्या, लशी टोचा, वेळेवर नसबंदी करा. आणि मागं राहिलेली मादी असेल, तर आधी तिलाच घरी आणा.