जुलैतली छाटणी

छाटणी करणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं अढी होती. मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहायला आल्यावर ती पक्की झाली. जुलै लागला की गल्लीतली मंडळी कात्र्या घेऊन बाहेर पडायची आणि गुलाबांचे नुसते खुंट उरायचे. हिरव्या झाकणाचे बिन फांद्यांनी भरून वाहायचे. यांना झाडापेक्षा नीटनेटकेपणाच प्यारा, असं मी घरात बोलून दाखवायचे. आपल्याकडे तिन्हीसांजेला झाडाला हात लावत नाहीत, झाड झोपलेलं असतं, हे मुलांना वर ऐकवायचे. माझे गुलाब मात्र खाली नुसत्या काटक्या, शेंड्याला चार फुलं आणि पानांवर काळे ठिपके, असे उभे होते. मी त्यांना मोकळं वाढू देत होते म्हणे! खरं तर तो आळस होता, आणि थोडी घमेंडही.

वेरिबी पार्कातल्या व्हिक्टोरिया स्टेट रोझ गार्डनमध्ये पाच हजारांहून अधिक गुलाब आहेत आणि त्यांची निगा बरीचशी स्वयंसेवक राखतात. एका हिवाळ्यात तिथे छाटणी चालू होती. मी थांबले ती नाक मुरडायलाच. एक वयस्क बाई गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी एक फांदी कापली, कापलेला भाग निरखला. आत तपकिरी होतं. म्हणून थोडं खाली कापलं, मग आणखी खाली. पांढरट, ओला गर दिसल्यावरच हात थांबला. पुढच्या फांदीवर त्या बाहेरच्या बाजूचा डोळा शोधत राहिल्या आणि त्याच्या जरा वर तिरका काप दिला. नवी फांदी बाहेर जाईल, मधे हवा खेळेल, असं माझ्याकडे न बघताच म्हणाल्या.

हे मी आधी पाहिलेलं होतं. निफाडला, काकांच्या द्राक्षबागेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड छाटणी. डोळे मोजून काडी कापणारे मजूर आणि मागून काड्या गोळा करणारी आम्ही मुलं. खरड छाटणीनंतर बाग भकास दिसायची, पण तिला क्रूर म्हणायचं कुणाच्या मनातही येत नसे. तिकडच्या उष्ण हवेत वेल थंडीतही नीट झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायचा. इथे गुलाब हिवाळ्यात विसावतो, म्हणून तेव्हा एकदा. झाड झोपलंय म्हणूनच ही माणसं कात्री लावत होती, आणि मी त्यांना झोपेवरून शहाणपण शिकवत होते.

काकांच्या हातातली कात्री ती शेती आणि शेजाऱ्याच्या हातातली तो निर्दयपणा, हा न्याय मी कुठून आणला? नव्या देशाला नावं ठेवायला मला काहीतरी हवं होतं. गुलाब आयतेच सापडले.

त्याच आठवड्यात मी कात्री घेतली. हात थरथरत होता, दोन काप चुकलेही. ठिपक्यांची पानं वेचून बिनमध्ये टाकली. नोव्हेंबरात झाड बुंध्यापासून भरलं.

आता मात्र उत्साहाच्या भरात सगळंच छाटत सुटू नका. बुल्ला गावच्या अ‍ॅलिस्टर क्लार्क यांनी तयार केलेला, 1924 साली आलेला 'लोरेन ली' हा गुलाब ऐन हिवाळ्यात फुलतो. तुमच्या कुंपणावर तो असेल, तर जुलैत त्याला कात्री लावू नका.