समासातल्या नोंदी

आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत संगणकप्रणाली बसवायचे ठरले, तेव्हा समितीवर माझीही नेमणूक झाली. मराठीचा प्राध्यापक, याला वेळ भरपूर असणार, असा प्राचार्यांचा समज! प्रवेश, फी, परीक्षा, पगार सारे आता एकाच ठिकाणी नांदणार होते.

बडे बाबूंच्या जाडजूड वह्या आम्ही पुढ्यात घेतल्या. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले, त्याच्याही आधीच्या, नागपूर विद्यापीठाच्या अमदानीतल्या! रकाने सरळ होते. समास मात्र लाल शाईने भरलेला. ‘पर्लकोटेला पूर. आठ दिवस थांबणे.’ ‘तेंदूचे पैसे आल्यावर फी.’

“सर, हे कुठे भरायचं?” कंपनीच्या तरुणाने विचारले.

“सोडून द्या,” मी ऐटीत म्हणालो, “समास म्हणजे काही मजकूर नव्हे.”

बडे बाबू बोलले नाहीत. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद झाला आणि माझी एक विद्यार्थिनी गावीच अडकली. पाणी ओसरल्यावर ती आली, तो यंत्राने मुदतीच्या रात्रीच तिचा प्रवेश रद्द केलेला! यंत्राला दोष कसा द्यावा? नियम आम्हीच भरून दिले होते.

“सर, पुराला तारीख थोडीच समजते?” ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. उत्तर बडे बाबूंनी शोधले. अर्ज लिहून, खेटे घालून त्यांनी तिचा प्रवेश परत मिळवला.

पुढे वाचनात आले की, १९९९ साली अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेटच्या बड्या कंपनीचीही अशीच गत झाली होती. नवी प्रणाली घाईने बसवली आणि ऐन हॅलोविनच्या सणाला दुकानांत माल पोचेना. माल कोठारात होता. पण गर्दीच्या वेळी तो ठेवायच्या काही तात्पुरत्या जागा यंत्राला कोणी सांगितल्याच नव्हत्या, असे तेव्हा म्हटले गेले. म्हणजे समास तिथेही राहूनच गेला होता!

आता आमच्या प्रणालीत ‘शेरा’ नावाचा रकाना आहे, आणि बाबूंनी पाहिल्यावाचून कोणाचा प्रवेश रद्द होत नाही. बडे बाबू तो रकाना एका बोटाने, सावकाश भरतात.

‘समासात लिहू नका,’ ही सूचना परीक्षेच्या दालनात मी वीस वर्षे देत आलो आहे. परवा ती देताना जीभ थोडी अडखळली.