तीन फुटांवरून गणपती

लहान मुलांना पेठांतले गणपती दाखवायचे तर सकाळी न्यावं, या मताची मी आहे. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत तीन फूट उंचीच्या माणसाला दिसतात फक्त पिशव्या, कोपरं आणि कुणाची तरी पाठ.

म्हणून २०२५च्या उत्सवात आम्ही दोघं पोरांना घेऊन सकाळीच मेट्रोत बसलो. थोरला सहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची. दोघांच्या खिशात नाव आणि आमचे मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि पाणी. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २०२४च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झाला, पण तोवर त्या वर्षीचे गणपती गेले होते. त्यामुळे जमिनीखालून जाऊन कसब्यात वर येण्याचा हा पहिलाच गणेशोत्सव. पोरांना सरकत्या जिन्याचं अप्रूप. मला मात्र स्टेशनात स्वच्छतागृह आहे याचाच केवढा दिलासा! मूल बरोबर असलं की आधी तेच शोधावं लागतं.

कसबा गणपती म्हणजे पुण्याचं ग्रामदैवत, मानाचा पहिला. मंडपात धक्काबुक्की नव्हती, ‘चला, पुढे चला’ नव्हतं. थोरल्याने आधी उंदीर शोधला, मग मूर्तीकडे पाहिलं. धाकटीने आपला आपण नमस्कार केला आणि प्रसादासाठी दोन्ही हात पुढे केले. तांबडी जोगेश्वरी झाल्यावर लक्ष्मी रस्त्यावर गुरुजी तालीम. हिंदू आणि मुसलमान घरांनी मिळून १८८७ मध्ये हा गणपती बसवायला सुरुवात केली, असं सांगितल्यावर थोरल्याचा पहिला प्रश्न, “मग मोदक कुणाच्या घरी केले?” मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न फार आवडला. तुळशीबागेत धाकटी पितळी भातुकलीपुढून हलेना. चूल आणि कळशी घेतली, तेव्हा कुठे पाय निघाला. केसरीवाडा नारायण पेठेत, वेगळ्या अंगाला. तो दुसऱ्या दिवसावर ठेवला आणि मंडईतून घरी आलो. दमलेल्या मुलाला पाचवा मान दाखवून त्याच्या पदरात काही पडत नाही.

पण सकाळी देखावे नसतात, आणि मुलांना खरं तर तेच हवे असतात. म्हणून एक संध्याकाळ आणि एकच देखावा, असं ठरवलं. एका लहानशा मंडळाने पावनखिंडीचा जिवंत देखावा केला होता. दिवेलागणीला पहिल्या खेळालाच जाऊन उभे राहिलो. आवाज रेकॉर्ड केलेला, अभिनय गल्लीतल्याच मुलांचा. जखमी बाजीप्रभू लढताहेत आणि विशाळगडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत पडायला तयार नाहीत. थोरला माझा हात घट्ट धरून तोफांची वाट पाहत होता. तोफा झाल्या, बाजी पडले, पडदा सरकला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि हा रडत होता.

एका कार्यकर्त्याने ते पाहिलं. “ताई, त्याला मागे आणा,” म्हणाला. पडद्यामागे बाजीप्रभू खुर्चीवर बसून पाणी पीत होते. कॉलेजातलं पोरगं, घामाने रंग ओघळलेला. त्याने दांडपट्टा थोरल्याच्या हातात दिला, “हलका आहे बघ, पत्र्याचा.” थोरल्याने विचारलं, “दादा, तू परत मरणार?” तो म्हणाला, “रात्रीपर्यंत खूप वेळा. पण प्रत्येक वेळी तोफा ऐकूनच.” हे उत्तर थोरल्याला पटलं. पुढचा खेळ त्याने कोरड्या डोळ्यांनी पाहिला आणि तोफ होताच सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

परत निघालो तर पुढच्या चौकात स्पीकरची भिंत रचलेली. छातीत धडधड व्हावी असा दणका. धाकटीने कान दाबले आणि बापाच्या मानेत तोंड खुपसलं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा. तिथे तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. उत्सव पोरांचाही आहे, आणि मोठ्यांना झेपतो तो आवाज त्यांच्या कानांना झेपत नाही. आम्ही गल्लीतून वळसा घालून मेट्रो गाठली.

केसरीवाड्याला जायच्या दिवशी वाट वाकडी करून मी त्या पावनखिंडीच्या मंडळात गेले. म्हटलं, रोज संध्याकाळी एक तास फक्त लहानग्यांसाठी ठेवा; आवाज निम्मा, दोरी खाली, पोरं पुढे बसलेली. तोच कार्यकर्ता होता. त्याने शेजारच्या दोघांना हाक मारली, थोडा विचार केला. “सहा ते सात करून बघू, ताई. पण तुमच्या सोसायटीतली सगळी पोरं घेऊन या, मोकळ्या गल्लीपुढे बाजीप्रभूंना लढायला लावू नका.”