पंधरापर्यंत मोजायचं इंजिन

राहुरीत आमच्या शेडमध्ये १९७१ची महिंद्रा पिकअप उभी आहे. फॉरवर्ड कंट्रोल. म्हणजे नाक नसलेली. दोन सीटांच्या मधल्या पत्र्याखालीच इंजिन. कांदा घेऊन घोडेगावला पोचेपर्यंत ड्रायव्हरची डावी मांडी शेकून निघायची.

मागच्या वर्षी इंजिन सीझ झालं. मी इंजिनिअर, म्हणून ‘कोणतं टाकायचं ते तूच ठरव’ असं घरच्यांनी सांगून टाकलं. (मी कोड लिहितो. स्पॅनर नीट धरायला गेल्या दिवाळीत शिकलो.)

पहिला मोह नव्या कॉमन रेल डिझेलचा. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि सेन्सर-वायरिंग-ईसीयूसकट अख्खं इंजिन या चासीत कोंबायचं म्हणजे निम्मी गाडी नवीच. आठवड्यात तो नाद सोडला.

दुसरा मोह जास्त खोल होता. जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए मिळतं. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. आमच्या गाडीत मुळात होतं हरिकेन पेट्रोल, २१९९ सीसी. इनटेक वाल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, अशी मजेशीर रचना. स्ट्रोक लांब, त्यामुळे कमी आरपीएमलाही ओढ चांगली. भंगारात एक हरिकेन सापडलंसुद्धा. मी बयाणा द्यायला निघालो होतो.

अण्णा म्हणाले, "अन् आत्ताचं इंजिन काय देव्हाऱ्यात ठेवतो व्हय?"

आत्ताचं म्हणजे प्यूजो. १९७३नंतर तेल महागलं, पेट्रोल परवडेना. १९७९मध्ये महिंद्राने प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० डिझेलचा परवाना घेतला. नावातच माप आहे: ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. आजोबांनी ते ८६ साली बसवलं, आरसीवर डिझेलची नोंदही करून घेतली. थंडीत हीटर लावून ते मोठ्याने पंधरापर्यंत आकडे मोजायचे, मग स्टार्टर. मी आकडे शाळेच्या आधी त्या गाडीत शिकलो.

भंगारातलं हरिकेन तरी कुठं आमचं होतं? कुठल्या तरी दुसऱ्याच जीपमधून निघालेलं. ते बसवून मी जी गाडी ‘मूळ रूपात’ आणणार होतो, ती मी कधी पाहिलेलीच नाही. अण्णांनी जी पस्तीस वर्षं चालवली, ती मात्र व्हिंटेज ठरत नाही. नियमाचं चूक नाही. त्याला कंपनीची गाडी जपायचीय, आमची नाही.

व्हीए नंबर सोडला. याचं वाईट अजूनही वाटतं.

ब्लॉक आता नगरला बोअरिंगला दिलाय, ओव्हरसाइज पिस्टन शोधतोय. पंप वेगळा खोलावा लागणार, म्हणजे खर्च हरिकेनच्या वर जाणार. मिस्त्री म्हणाले, कॉम्प्रेशन नीट आलं तर पाच मोजेपर्यंत चालू होईल.

अण्णांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.